बोका पडतो तेव्हा हसू नेमकं कुठे येतं?

कायोटी कड्यावरून खाली जातो. आपण वरून बघत असतो. तो लहान लहान होत जातो, ठिपका होतो, दिसेनासा होतो. मग काहीच नाही. नुसती दरी. आणि मग पार तळाशी धुळीचा एक इवलासा लोट.

कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखा एक प्राणी, रोड रनर या सुसाट पळणाऱ्या पक्ष्याच्या कायम मागे लागलेला. वॉर्नर ब्रदर्सच्या रोड रनर कार्टूनांत हे दृश्य इतक्या वेळा आलंय की त्याचं नावीन्य कधीच संपायला हवं होतं. तरी हसू येतंच. या मालिकेचे दिग्दर्शक चक जोन्स यांनी त्यामागचा हिशेब सांगून ठेवला आहे. कायोटी दिसेनासा व्हायला १८ फ्रेम लागतात आणि त्यानंतर बरोबर १४ फ्रेमनी धूळ उडते. १३ फ्रेमनी उडवली तर लोक हसत नाहीत, १५ फ्रेमनी उडवली तरी नाहीत. फिल्मच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमचा मुक्काम पडद्यावर सेकंदाच्या चोविसाव्या भागाइतका. एवढ्याशा फरकाने अख्खं थिएटर हसायचं थांबतं, हे सांगताना जोन्स साहेबांनी थोडं तिखटमीठ लावलं असेलही. विनोदी माणसाने स्वतःच्या कामाबद्दल सांगितलेली गोष्ट जरा झाडूनच घ्यावी. पण त्यात एक गोष्ट सोळा आणे खरी आहे. ही माणसं हसू फ्रेमवर मोजत होती.

त्या १४ फ्रेममध्ये पडद्यावर काय आहे? रंगवलेली दरी. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. म्हणजे ॲनिमेशनच्या त्या सगळ्या कारखान्यात सर्वांत स्वस्त पडणारा तुकडा तो हाच, एकच चित्र कॅमेऱ्याखाली ठेवायचं आणि १४ वेळा टिपायचं. आणि हसू तिथेच पिकतं. टॉम अँड जेरी किंवा रोड रनर आजही का बघवतात याचं उत्तर लोक बहुतेक वेळा मारामारीत शोधतात. माझ्या मते ते मार बसायच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळात आहे. मार हे निमित्त.

आधी हे प्रकरण काय होतं ते

आपण ही कार्टूनं टीव्हीवर पाहिली, त्यामुळे ती मुलांसाठी केली असावीत असं वाटतं. ती केली गेली थिएटरसाठी. १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेत सिनेमाला गेलं की मुख्य चित्रपटाच्या आधी बातमीपट, एखादा लघुपट आणि सहा-आठ मिनिटांचं कार्टून लागायचं. समोर बसलेली माणसं मोठी होती. दिवसभर काम करून, तिकीट काढून आलेली. त्यांना सात मिनिटांत हसवायचं, तेही गोष्ट समजावून सांगत न बसता. मांजर दिसलं, उंदीर दिसला, झालं. पुढचं सगळं प्रेक्षकाला ठाऊकच असतं.

एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० साली असं पहिलं कार्टून केलं तेव्हा बोक्याचं नाव जॅस्पर होतं. मांजर आणि उंदीर, यात नवीन काय, अशीच स्टुडिओत सुरुवातीची प्रतिक्रिया होती. पण चित्र चाललं, ऑस्करचं नामांकन मिळालं आणि थिएटरवाल्यांकडून पुढचं कधी येतंय अशी विचारणा झाली. मग नावासाठी स्टुडिओतच स्पर्धा लागली. जॉन कार नावाच्या ॲनिमेटरने सुचवलेली 'टॉम' आणि 'जेरी' ही नावं निवडली गेली आणि त्याला ५० डॉलर मिळाले. पुढे १९५८ पर्यंत या जोडीची ११४ लघुकार्टूनं आली आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं.

मुंबईचा यातला धागा सरळ आहे. धोबी तलावचं मेट्रो थिएटर एमजीएमने १९३८ साली स्वतःच उभारलं. कंपनीचं थिएटर, कंपनीचाच माल. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला टॉम भेटला तो टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी, मोठ्या पडद्यावर.

पहिलं कार्टून आज पाहिलं तर एक गोष्ट चटकन जाणवते. ते सावकाश आहे. बोका गुबगुबीत, केसाळ, खऱ्या मांजरासारखा चालणारा. पाच वर्षांनंतरचा टॉम पाहा, तो वेगळाच प्राणी आहे. मधल्या काळात दिग्दर्शक टेक्स एव्हरी वॉर्नर सोडून एमजीएममध्ये आले होते. डोळे खोबणीतून हातभर बाहेर येणं, जबडा जमिनीवर आपटणं ही त्यांची खासियत. एकाच इमारतीत असा माणूस काम करत असला की शेजारच्यांचाही वेग वाढतो. हॅना-बार्बेराचा वाढला.

सापळ्याची गंमत, जरा जवळून

१९४४ च्या एका कार्टूनमध्ये टॉमला टपालाने एक पुस्तक येतं, उंदीर कसा पकडावा याचं. हे कार्टून ऑस्करवालं आहे. टॉम पुस्तकात वाचतो त्याप्रमाणे साधा सापळा लावतो, वर चीजचा तुकडा. जेरी येतो, तुकडा अलगद उचलतो आणि चालू लागतो. सापळा उडत नाही. टॉम चक्रावतो. सापळ्याजवळ जातो आणि बोटाने तपासून बघतो.

पुढे काय होणार हे कुणालाही सांगायची गरज नाही. बोट सापळ्यावर यायच्या आधीच आपलं हसू ओठांवर आलेलं असतं. विनोदाबद्दल सर्रास म्हणतात की त्यात अनपेक्षित काहीतरी लागतं. इथे अनपेक्षित काय आहे? काहीच नाही. तबल्याची तिहाई चालू असताना सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं, तरी समेवर मान हलतेच, उलट कळलेलं असतं म्हणूनच हलते. सापळ्याचंही तसंच. आपण समेची वाट बघतोय, आणि दिग्दर्शक ती किती ताणायची हे ठरवतोय.

तेव्हा अशा गमतीचे तुकडे पाडून बघू. पहिला तुकडा तयारीचा: सापळा लागला, प्रेक्षकाला कळला. याला घाई करून चालत नाही. काय धोकादायक आहे हे डोळ्याला नीट दिसलं पाहिजे, म्हणून या कार्टूनांत मागचं चित्र साधं ठेवतात आणि महत्त्वाची वस्तू उठून दिसेल अशी काढतात. दुसरा तुकडा थांबण्याचा. टॉम बोट पुढे करतो आणि क्षणभर थांबतो. तिसरा तुकडा म्हणजे फटका. हा विलक्षण वेगवान असतो, बहुतेक वेळा चार-सहा फ्रेममध्ये आटोपतो. डोळ्याला सापळा मिटताना दिसतच नाही, मिटलेला दिसतो.

आणि चौथा तुकडा, ज्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही, तो फटक्यानंतरचा. टॉम लगेच ओरडत नाही. आधी चेहरा पालटतो. बोटाकडे बघतो. कधी आपल्याकडे बघतो. मग ती किंकाळी. ही किंकाळी खुद्द विल्यम हॅना यांच्या आवाजातली आहे. एका कार्टून बोक्याच्या गळ्यातून त्याचा दिग्दर्शक ओरडतोय, हे एकदा कळल्यावर ती ऐकायला आणखी मजा येते. कळ लागायला आणि ती कळायला जो वेळ जातो, तो या चौथ्या तुकड्यात ताणलेला असतो. खऱ्या आयुष्यात पायाची करंगळी पलंगाला आपटली की असाच एक रिकामा क्षण येतो, ज्यात आपल्याला ठाऊक असतं की आता कळ येणार आहे. तो क्षण सगळ्या जगाने अनुभवलेला आहे.

त्याच कार्टूनमध्ये पुढे पुस्तक सांगतं की कोंडीत सापडलेला उंदीर कधीच लढत नाही. टॉम जेरीला कोंडीत गाठतो. बाहेर येतो तो ठोकून निघालेला. मधली मारामारी इतकी बिनमहत्त्वाची की दाखवलीही नाही. वाक्य दाखवलं, परिणाम दाखवला, मधलं आपण भरलं. मार दाखवणं हा यांचा मुख्य उद्योग असता तर त्यांनी ही संधी सोडली नसती.

वेळ मोजायची कशी?

सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये १०,०८० फ्रेम येतात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतंच असं नाही. साध्या हालचालीत एक चित्र दोन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. वेगवान हालचालीत मात्र दर फ्रेमला नवं. तरी हजारो चित्रं हातानेच काढायची. मुख्य ॲनिमेटर हालचालीच्या टोकाच्या स्थिती काढायचा, मदतनीस मधल्या भरायचे, मग ती चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर गिरवली जायची आणि मागच्या बाजूने रंगवली जायची. हे गिरवण्या-रंगवण्याचं काम बहुतांशी बायका करत आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव क्वचितच यायचं.

इतका खटाटोप असल्यावर करून बघू, नाही जमलं तर बदलू, ही चैन परवडत नाही. नट रंगमंचावर उभा राहून प्रेक्षकांचा अंदाज घेतो, आज हशा लांबला तर पुढचं वाक्य अडवून धरतो. कार्टूनवाल्याच्या समोर प्रेक्षकच नसतो. हशा कधी येईल आणि किती टिकेल हे त्याला कित्येक महिने आधी, कागदावर ठरवावं लागतं. त्यासाठी एक लांबलचक तक्ता असायचा. आडव्या ओळी फ्रेमच्या: पहिली, दुसरी, तिसरी. बाजूला लिहिलेलं, इथे बोका वळतो, इथे थांबतो, इथे आपटतो. टॉम अँड जेरीत बार्बेरा गोष्ट आणि गमती रचून भराभर रेखाटनं काढायचे, हॅना मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजणारं यंत्र, घेऊन त्यांचा वेळ बांधायचे. एकाला चित्रात विनोद दिसायचा, दुसऱ्याला ठोक्यात. ही वाटणी पुढे जवळपास वीस वर्षं टिकली यात नवल नाही.

ठोका हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके पडतात, म्हणजे संचलनाची चाल. रुबाबात चालणारं पात्र या मापात एकेक पाऊल टाकतं. ८ फ्रेमचा ठोका धरला की मिनिटाला १८०, पाठलाग सुरू. दिग्दर्शकाने हालचाल अशा मापात बांधून दिली की संगीतकाराचं काम सोपं होतं. चित्रात पाऊल जिथे पडणार तिथेच सुराचा ठोका पडणार, याची खात्री असते. रेकॉर्डिंगच्या वेळी वादकांच्या कानात टिक-टिक चालू असायची आणि ते त्यावर वाजवायचे.

पडद्यामागचा तिसरा माणूस

टॉम आणि जेरी फारसे बोलत नाहीत. त्यांच्या वाटचं सगळं बोलणं वाद्यवृंद करतो, आणि तो वाद्यवृंद स्कॉट ब्रॅडली यांचा. बोका चोरपावलांनी आला की तारा हलकेच छेडल्या जातात, जिन्यावरून गडगडला की सूर पायरी-पायरीने उतरतात. हे इतकं सवयीचं झालंय की ऐकूच येत नाही. एकदा आवाज बंद करून कुठलंही टॉम अँड जेरी लावून बघा. दोन मिनिटांत एक चमत्कारिक गोष्ट होते: फटके जास्त लागायला लागतात. बिचारा बोका, असं वाटायला लागतं. संगीत फटक्याला नुसती साथ देत नाही. हा खेळ चाललाय, काळजी करू नका, हेही ते सतत सांगत असतं.

ब्रॅडली साधा माणूस नव्हता. आर्नोल्ड शोनबर्ग यांनी युरोपात बारा स्वरांची एक पद्धत काढली होती, ज्यात सप्तकातले बाराही स्वर सारख्याच मानाने वापरायचे, कुठलाही एक षड्ज नाही. मैफलीत ते ऐकताना भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ब्रॅडलीने १९४४ मध्ये ती पद्धत टॉम अँड जेरीत वापरली आणि कुणाची तक्रार आली नाही. उंदराच्या पळण्याला आधुनिक संगीत चालतं, सभागृहात चालत नाही, यावर काय बोलावं!

वॉर्नरकडे कार्ल स्टॉलिंग होते. मूकपटांच्या काळात ते कॅन्सस सिटीच्या थिएटरात पडद्यावरचं चित्र बघत ऑर्गन वाजवायचे. पात्र दारात आलं की लोकांच्या माहितीतल्या गाण्याची ओळ टाकायची, हशा वसूल करायचा, ही सवय तिथली. ती त्यांनी कार्टूनांत आणली. मूकपटांचा वारसा असा फक्त पडण्या-धडपडण्यात नाही, कानातही आला आहे.

संगीत आणि शरीर यांची जोडी सगळ्यात उत्तम जमलेली बघायची तर १९४७ चं पियानोचं कार्टून. टॉम कोट घालून ऐटीत मंचावर येतो आणि संगीतकार फ्रांझ लिस्ट यांची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो. आत पियानोत जेरी झोपलाय. टॉमने पट्ट्या दाबल्या की आतले हातोडे जेरीला उडवतात. पुढची सात मिनिटं दोघांचं भांडण चालतं, पण वादन थांबत नाही. टॉम जेरीशी लढतोय, बोट सापळ्यात अडकलंय, तरी मैफल मोडता कामा नये म्हणून तो तोंडावरची घडी विस्कटू देत नाही. यातला विनोद मारापेक्षा त्या प्रतिष्ठेचा आहे. आपल्याकडच्या लग्नात स्टेजवर उभ्या असलेल्या वरपित्याला हे लगेच समजेल. शेवटी जेरी वाजवून मोकळा होतो, टॉम गलितगात्र होऊन पडतो आणि टाळ्या जेरी घेतो. मजा म्हणजे वॉर्नरने जवळपास त्याच सुमारास त्याच रचनेवर बग्ज बनीचं कार्टून केलं, आणि कुणी कुणाची कल्पना उचलली यावरून दोन्ही स्टुडिओंत चांगलंच वाजलं.

लागतं, पण दुखत नाही

आता शरीराकडे येऊ. टॉमच्या तोंडावर तवा बसतो आणि तोंड तव्याच्या आकाराचं होतं. दार आपटतं, तो कागदासारखा चपटा होऊन भिंतीवरून घसरतो. पुढच्या दृश्यात पूर्ववत. ॲनिमेशनमध्ये या दाबण्या-ताणण्याचा एक साधा नियम आहे: आकार कितीही बदला, ऐवज तेवढाच ठेवा. चपटा झाला तर पसरला पाहिजे, लांबला तर बारीक झाला पाहिजे. हा नियम पाळला की डोळ्याला वाटतं, हे शरीर खरं आहे, फक्त वेगळ्या मालाचं आहे. नियम मोडला की ते नुसतं चित्र वाटतं आणि त्याला लागलं काय, न लागलं काय, सारखंच.

म्हणजे हसण्यासाठी दोन उलट गोष्टी एकाच वेळी पटाव्या लागतात. फटका जोरात बसला हे पटलं पाहिजे, आणि त्याने काही बिघडलं नाही हेही. अमेरिकेतले मानसशास्त्राचे अभ्यासक पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये हेच सूत्र मांडलं: काहीतरी मर्यादेबाहेरचं घडतंय आणि तरी ते निर्धोक आहे, असं एकदमच वाटलं की माणूस हसतो. यातलं एक गेलं तर हसू गेलं. नुसतं निर्धोक असेल तर कंटाळा, नुसतं मर्यादेबाहेर असेल तर भीती किंवा किळस. त्यांच्या कितीतरी आधी, १९०० साली, फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ यांनी म्हटलं होतं की हसताना हृदय तेवढ्यापुरतं बधिर व्हावं लागतं. आणि नाट्यशास्त्रात भरताने हास्यरसाच्या कारणांत वेडेवाकडे वेष आणि चेष्टा मोजल्या, हसण्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार केले. या कार्टूनांचा कारभार अर्थातच शेवटच्या दोन प्रकारांत चालतो, ज्यांना भरताने खालच्या दर्जात बसवलंय. असो.

कायोटीचं हवेतलं लटकणंही इथेच बसतं. तो कड्याच्या पुढे धावत जातो आणि पडत नाही. खाली बघतो, मग पडतो. इथे गुरुत्वाकर्षण वस्तुमानावर चालत नाही, उमजण्यावर चालतं. रोड रनर भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यातून आरपार जातो, कायोटी मागोमाग जातो आणि भिंतीवर थडकतो. जगाचे नियम आहेत, ते काटेकोर आहेत, आणि ते नेमके कायोटीच्या विरोधात आहेत. सरकारी कार्यालयात एखाद्या कागदासाठी तीन खिडक्या फिरलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान शिकवावं लागत नाही.

म्हणूनच आपण कुणाच्या बाजूने असतो हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. लहानपणी सगळे जेरीच्या बाजूने असतात. वय वाढलं, हप्ते सुरू झाले, की टॉमबद्दल माया वाटू लागते. तो कष्ट करतो, योजना आखतो, पुस्तक वाचतो, यंत्रं बनवतो. जेरीच्या पदरात सगळं आयतं पडतं. कायोटीच्या बाबतीत तर रोड रनरला स्वभावच दिलेला नाही. तो फक्त वेग आहे. माणूस आहे तो कायोटी.

बिघडलं तेव्हा काय झालं

हे सगळं वेळेवर आणि सुरावर उभं आहे याचा पुरावा त्याच मांजर-उंदरात मिळतो. एमजीएमच्या लक्षात आलं की जुनी कार्टूनं पुन्हा लावली तरी जवळपास नव्याइतकेच पैसे येतात. मग नवी कशाला करायची? १९५७ मध्ये त्यांनी कार्टून विभाग बंद केला. पुढे १९६१-६२ मध्ये दिग्दर्शक जीन डाइच यांच्याकडून प्रागमध्ये १३ टॉम अँड जेरी करून घेतली. पैसा कमी, माणसं नवी, मूळ कार्टूनांची सवय कुणालाच नाही. ती बघताना काहीतरी खटकत राहतं. पात्रं झटक्याझटक्याने हलतात, आवाज घुमतात, थांबायचं तिथे थांबत नाहीत. काही भागांत टॉमला एक जाडा, तापट मालक आहे, आणि तो टॉमला मारतो तेव्हा अंगावर येतं. बोका तोच, मार त्यापेक्षा जास्त नाही, पण बाजूचा तोल गेला आणि विनोदाचा छळ झाला. डाइच यांना दोष देण्यात अर्थ नाही, मोटारीचे सुटे भाग देऊन सतार बनवा म्हणण्यातला तो प्रकार होता. त्यांच्यानंतर चक जोन्स यांनी ३४ केली. ती देखणी आहेत, भुवया फार बोलक्या आहेत, पण जोन्सचा ठोका कायोटीचा होता, टॉमचा नव्हता.

हॅना आणि बार्बेरा यांनी दरम्यान स्वतःची कंपनी काढून टीव्हीसाठी स्वस्तातलं ॲनिमेशन सुरू केलं होतं. तिथे डोकं स्थिर, फक्त तोंड हलतं, म्हणून विनोद संवादात गेला. ज्यांनी न बोलता हसवायची कला शिखरावर नेली, त्यांनीच बोलक्या कार्टूनांचा धंदा उभा केला.

एक गोष्ट गोंजारून चालणार नाही. जुन्या टॉम अँड जेरीत घरकाम करणारी जी कृष्णवर्णीय बाई दिसते, ती त्या काळच्या वर्णद्वेषी साच्यातली आहे. स्फोटानंतर काळं तोंड करून हसवण्याचे प्रकारही त्याच जातीचे. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई रंगवून घातली गेली, काही दृश्यं कापली गेली. कापण्यापेक्षा आधी दोन ओळींची सूचना देऊन जसंच्या तसं दाखवावं, असं माझं मत. पण ते दृश्य आलं की हसू थांबतं, हे खरं. निर्धोकपणाचा करार तिथे मोडतो, कारण तो मार बोक्याला बसत नाही.

भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि तीस-चाळीस-पन्नास वर्षं जुनी कार्टूनं घराघरांत रोज लागायला लागली. ती जुनी आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाषांतराची गरज नव्हती, अमेरिकेतल्या गल्लीबोळांची माहिती लागत नव्हती. आजी, नातू आणि कामावरून आलेला बाप एकाच जागी हसत होते. आजही फोनवर दहा सेकंदांचे जे धडपडीचे व्हिडिओ फिरतात त्यांत टॉमची किंकाळी चिकटवलेली असते. ती चिकटवणाऱ्यांना तिचं वय ठाऊक नसेल, पण ती कुठे टाकायची हे त्यांना अचूक कळतं.

तुम्हाला हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर लॅपटॉपवर यूट्यूबवर १९४० च्या दशकातलं कुठलंही टॉम अँड जेरी लावा आणि फटक्याच्या जरा आधी थांबवा. पूर्णविरामाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाच्या कळीने मागे. व्हिडिओ कुठल्या वेगाने चढवलाय त्यानुसार आकडा थोडा मागेपुढे होईल, पण तीन गोष्टी नक्की दिसतील: बोका हलायच्या आधी उलट दिशेला अंग चोरतो, फटक्याच्या ऐन क्षणी चित्र इतकं फासटलेलं असतं की त्यात बोका ओळखूही येत नाही, आणि त्यानंतर एकच चित्र बराच वेळ हलत नाही. तिथे कळ दाबत राहा आणि मोजा.